गोळीचा महिना

इचलकरंजीला लागून असलेल्या आमच्या कबनुरांत दिवसरात्र माग चालतात. मागावर नवें सूत चढविलें म्हणजे आरंभीं धागा वरचेवर तुटतो. विणकर गांठ मारून माग पुन्हां सुरू करतो, सूत फेकून देत नाहीं. संततिनियमनाची गोळी सुरू केल्यावर मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत अवेळीं डाग दिसले कीं कित्येक स्त्रिया घाबरून पाकीट टाकून देतात. घरांत विचारावें कोणास? विटाळाची गोष्ट बोलण्याची चाल नाहीं; आणि या मौनाची किंमत नको असलेल्या गर्भारपणानें मोजावी लागते. म्हणून या गोळीचा आणि तिनें घडविलेल्या महिन्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

या विषयावर मराठींत उघडपणें बोलण्याचें धाडस र. धों. कर्वे यांनीं केलें. 1921 सालीं मुंबईंत त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते त्यांतून स्पष्ट उत्तरें देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. कर्व्यांच्या हयातींत गोळी बाजारांत आली नव्हती. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर लोकांना मिळत नाहीं, तोच प्रश्न त्यांचें नुकसान करतो, ही त्यांची भूमिका आजही जुनी झालेली नाहीं.

गोळीचा जन्म अमेरिका खंडांत झाला. 1951 सालीं मेक्सिकोंत रानकंदापासून मिळणाऱ्या द्रव्यावरून पोटांत घेतां येईल असा कृत्रिम संप्रेरक तयार झाला. पुढें ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक यांनीं अशा द्रव्यांचे प्रयोग केले. रॉक यांनीं आरंभीं कांहीं स्त्रियांना औषध खंड न पाडतां दिलें, तेव्हां पाळी थांबली आणि आपण गरोदर आहोंत असें त्यांना वाटूं लागलें. तेव्हां वीस दिवस औषध देऊन मग थांबावयाचें, असें ठरलें. औषध थांबतांच रक्तस्राव होई व मनाला धीर येई. म्हणजे गोळीवर येणारी पाळी निसर्गाची नसून माणसानें आंखलेली आहे! गोळी घेतांना बीज बाहेर पडत नाहीं. गर्भाशयाचें अस्तरही पातळ राहतें. म्हणून हा स्राव बहुधा थोडा व कमी दिवसांचा असतो.

डागांचीही एक कथा आहे. पहिल्या औषधांत नकळत दुसऱ्या संप्रेरकाची किंचित् भेसळ राहिली होती. ती काढून औषध शुद्ध केल्यावर मध्येंच रक्तस्राव होऊं लागला. तेव्हां तें द्रव्य मुद्दाम ठरल्या प्रमाणांत परत घालावें लागलें. अशुद्धतेनेंच औषध पुरें केलें, असा हा चमत्कार!

1956 सालीं पोर्टो रिको बेटावर मोठी चांचणी झाली. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे यांनीं स्त्रियांना मळमळ, चक्कर इत्यादि त्रास होत असल्याचें कळविलें; पिंकस यांना यांतला बराचसा भाग मनाचा खेळ वाटला. गरीब स्त्रियांना या प्रयोगाचें पूर्ण स्वरूप सांगितलेलें नव्हतें, हा या इतिहासावरचा डाग आहे. 1957 सालीं अमेरिकेंत या औषधास पाळीच्या विकारांसाठीं परवानगी मिळाली, आणि 1960 सालीं संततिनियमनासाठीं. आजच्या गोळींत त्या वेळच्या मानानें संप्रेरकांचें प्रमाण फारच थोडें असतें. थोड्या मात्रेमुळें आरंभीं डाग दिसणें साहजिक आहे.

भारतांत 1952 पासून कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम आहे. ‘माला-डी’च्या पाकिटांत एकवीस संप्रेरकगोळ्या व सात लोहाच्या असतात, पाळी त्या सात दिवसांत येते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनें घडविलेली ‘सहेली’ 1991 पासून मिळते. ती संप्रेरक नव्हे. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घ्यावयाची. तिनें कांहीं स्त्रियांची पाळी लांबते; पंधरा दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भाची तपासणी करावी.

डाग तीन महिन्यांनंतरही थांबले नाहींत, रक्तस्राव फार झाला, किंवा पोटरींत वा छातींत तीव्र वेदना झाल्या, तर मात्र वैद्यास गांठावें. एरवीं गोळी चुकवूं नये.

आतां आशा कार्यकर्ती घरोघरीं गोळ्या पोंचवितात. वस्तु दारांत आली, तिच्याविषयींचा शब्द मात्र अजून उंबऱ्याबाहेर घुटमळतो. त्यास आंत घेणें हें सासूचें, सुनेचें आणि, आम्ही म्हणूं, नवऱ्याचेंही काम आहे.