गुलामाचं अक्षर

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढल्यावर मी एक सिद्धान्त बसवला आहे : खात्यात शिल्लक जितकी जास्त, तितकं खातेदाराचं शुद्धलेखन वाईट. आमच्याकडे एक धान्याचे व्यापारी येतात. 'पंचेचाळीस' हा शब्द ते दर वेळी नव्या पद्धतीने लिहितात. बरोबर दिवाणजी असला आणि त्याने स्लिप भरली, की मी सुटकेचा नि:श्वास टाकतो.

हा सिद्धान्त दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. १९५९ साली इटलीत पाँपेईजवळ रस्त्याचं काम चालू असताना मेण चढवलेल्या लाकडी पाट्यांचा साठा सापडला. पुतिओली बंदरातल्या सुल्पिकी नावाच्या सावकारांचं ते दप्तर!

त्यातला एक कर्जदार नोवियस यूनस. धंदा? धान्याचा! इ.स. ३७ च्या जूनमध्ये त्याने १०,००० सेस्टर्स उचलले. तारण म्हणून अलेक्झांड्रियाचा ७,००० मापं गहू, शिवाय हरभरे, मसूर वगैरेंची २०० पोती. रिवाज असा, की मजकूर दोनदा लिहायचा : एकदा आत, मोहरबंद, एकदा बाहेर, वाचण्यासाठी. आतला मजकूर यूनसने स्वहस्ते लिहिला आणि लॅटिनचा पार भुगा केला. गव्हाच्या शब्दात 'त'चा 'द' झाला, अलेक्झांड्रियातली अक्षरं त्याने चक्क गिळली. बाहेरची प्रत कारकुनाची, ती स्वच्छ. कुठल्याही साम्राज्यात कारकून जन्माला येतो तो दुसऱ्याच्या चुका निस्तरायलाच!

खरी गंमत पुढेच आहे. सावकार गैरहजर, त्याच्या वतीने पैसे देणारा हेसिकस हा त्याचा गुलाम. २ जुलैला यूनसने आणखी ३,००० घेतले, ते तर हेसिकसकडूनच. त्याच दिवशी माल ठेवलेलं १२ नंबरचं गोदाम हेसिकसला भाड्याने मिळालं, महिना १ सेस्टर्स. तो भाडेकरार लिहिला दिओग्नेतसने, मालकाच्या सांगण्यावरून, मालकासमोर. तोही गुलामच! म्हणजे मालक नुसते बसलेले आणि गुलाम लिहितोय.

बहुसंख्य स्वतंत्र रोमनांना अक्षरओळख नव्हती, मग गुलामांना कशी? अहो, ते काही विद्यादानाचं पुण्य नव्हतं. क्रॅसस हा धनाढ्य गृहस्थ आपल्या गुलामांना वाचक, लेखनिक, कारभारी करण्यासाठी जातीने शिकवणीवर लक्ष ठेवायचा, असं प्लूटार्क सांगतो. 'शीक, म्हणजे मोठा होशील,' असं आमचे वडील म्हणायचे. तिथे गुलाम शिकला की मोठा व्हायचा तो मालक! वाढलेली किंमत त्याच्याच खात्यात जमा.

३८ सालच्या रोख्यात हेसिकसचा मालक बदललेला दिसतो. नवा मालक सम्राट कॅलिग्युला. वरच्या ऑफिसात बदली झाली म्हणा. फक्त अर्ज कुणी केलेला नव्हता. यूनसने कर्ज फेडलं की गहू सुटणार होता. हेसिकस कधी सुटणार, याचं कलम त्या पाट्यांवर नाही.

परवा दिवाणजी एकटाच आला. नेहमीसारखी स्लिप मोत्यासारखी भरलेली. वीस वर्षांत मी त्याला कधी नाव विचारलं नव्हतं. म्हटलं, आज विचारावं.

तो एकदम घाबरला.

"का हो साहेब? काही चुकलं का माझं?"