स्वतंत्रपूरचे बंदी आणि ‘दो आँखें बारह हाथ’

बेदरच्या पातशाहाचे नाव मराठी कीर्तनात येते ते दामाजीपंतांच्या आख्यानात. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस मोकळी केली, त्यास पकडून बेदरास आणण्याचा हुकूम सुटला, आणि तो पोहोचण्यापूर्वीच विठू महाराच्या वेषाने पंढरीनाथाने दरबारात रकमेचा भरणा करून पावती घेतली, अशी कथा आहे. बेदर जिल्ह्यातच असलेल्या आमच्या दुबलगुंडीस ती जवळची वाटावी यात नवल नाही. परंतु वकिलाच्या कानाला तीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. दामाजींनी हुकूम मोडला होता, हे कथा नाकारीत नाही. ते सुटले ते दुसरा कोणी त्यांच्यासाठी उभा राहिला म्हणून. यालाच आमच्या धंद्यात जामीन म्हणतात.

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला. पण बहुतेकांच्या स्मरणात राहिली ती त्यातील प्रार्थना. ती शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली आणि चित्रपटाचा विषय मागे पडला. आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या सहा कैद्यांना ओसाड जमिनीवर नेतो, बेड्या काढतो आणि शेती करावयास लावतो. ते एकदा पळतात, परंतु त्या दोन डोळ्यांचा धाक मनातून जात नाही म्हणून परत येतात. आम्हांस सर्वांत खरा वाटतो तो बाजाराचा प्रसंग. हे लोक आपली भाजी रास्त भावाने विकतात, व्यापाऱ्याचे गुंड त्यांना मारतात, आणि हात न उचलण्याचा शब्द दिलेला असल्यामुळे खुनी म्हणून शिक्षा भोगणारी ती माणसे मार खातात.

ही कथा हवेतून आलेली नाही. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर माणदेशातले, औंध संस्थानच्या मुलखातले. आणि त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत स्थापन झाली होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे यमाईचे भक्त, स्वतः कीर्तन करणारे, रामायण चित्रांत उतरविणारे आणि सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले गृहस्थ. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. ज्या राजाने स्वतःचा अधिकार सोडला त्यालाच कैद्याची बेडी सोडण्याचे धैर्य व्हावे, हा केवळ योगायोग आम्ही मानीत नाही.

या कामी त्यांच्या चिरंजीवांना, अप्पा पंतांना, साथ मिळाली ती मॉरिस फ्रीडमन यांची. हे पोलंडमधील ज्यू अभियंते बंगळूरच्या कारखान्यात कामास आले आणि पुढे भारतानंद या नावाने ओळखले गेले. आमच्या कोंकणी वाचकांस हे ऐकून आनंद होईल की, सारस्वत घराण्यात जन्मलेले कान्हनगडचे स्वामी रामदास यांचा सहवास त्यांना लाभला होता. उत्तरायुष्यात मुंबईस निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे फ्रीडमन ते हेच. अध्यात्माच्या वाटेवरील माणूस प्रथम कैद्यांच्या शेतात राबतो, हा क्रम आम्हांस फार आवडतो.

चित्रपट आणि इतिहास यांत एक अंतर मात्र आहे. पडद्यावर आदिनाथ शेवटी बैलांच्या झुंजीत प्राण देतो. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात आणि त्याला मोकळे वाटते. (त्या दृश्याच्या चित्रणात शांतारामांच्या डोळ्यास खरोखरीच गंभीर इजा झाली होती.) स्वतंत्रपुरात असा हुतात्मा कोणी झाला नाही. तेथे नांगरट, पाणी, पिके आणि बायकामुलांसह संसार, असे वर्षानुवर्षांचे निरस काम होते. जामीन राहणाऱ्याने एकदा प्राण देणे सोपे. रोज सकाळी उठून पुन्हा विश्वास टाकणे अवघड. चित्रपटाने हा कंटाळवाणा भाग गाळला. कलेला ते क्षम्य आहे, तथापि सत्य तेथेच होते.

दोन डोळ्यांवर कायदा उभा राहू शकत नाही. डोळे मिटले की कैद्याने कोणाकडे पाहावे? म्हणून पुढे न्यायालयांना हे नियमात बसवावे लागले. १९७९ साली धरमवीर विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे जन्मठेप झालेले दोन तरुण होते. शिक्षा कायम राहिली. पण त्यांना खुल्या कारागृहात ठेवण्याचा विचार व्हावा, घरच्यांशी पत्रव्यवहार राहावा आणि वर्षातून दोन आठवडे घरी जाता यावे, असे निर्देश झाले. तरुण कैदी घराला पारखा झाला की शिक्षा संपूनही तो सुटत नाही, ही जाण त्यामागे आहे. पुढे १९९६ साली, बंगळूरच्या एका बंद्याच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या निवाड्यानेही खुल्या कारागृहांचा पुरस्कार केला.

पण न्यायालयाचा हात गावाच्या वेशीपर्यंतच पोहोचतो. कलबुर्गीच्या कारागृहातून सुटून आलेल्या पोराला देवळाच्या भंडाऱ्यात पंक्तीस बसू देतात. वाढप्यांत मात्र घेत नाहीत. पालखीमागून तो चालतो, खांदा त्याला कोणी देऊ देत नाही. नियम कोठे लिहिलेला नाही, विचारल्यास विश्वस्त मंडळी हसून विषय बदलतात. बाजारात भाजी घेऊन बसलेले ते सहाजण आम्हांस अशा वेळी आठवतात.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. स्वतंत्रपूरची वसाहत राहिली. महाराष्ट्राच्या कारागृहांच्या यादीत तिचे नाव आजही आहे.