सोलापूरचा लष्करी कायदा आणि मुंबईचे गव्हर्नर



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा आपण सर्वांनी वाचलेला आहे. इंग्लंडच्या राजाने तेथील वसाहतींवर गव्हर्नर नेमले होते. व्हर्जिनियाचा लॉर्ड डनमोर हा त्यांपैकी एक. लोक जुमानीनात, तेव्हा १७७५ मध्ये त्याने लष्करी कायदा पुकारला. दुसऱ्याच वर्षी त्याला तो प्रांत सोडून जावे लागले. ही गोष्ट आपणांस फार दूरची वाटते. परंतु असाच प्रसंग आपल्या सोलापुरातही घडून गेला आहे.

त्या काळी सोलापूर मुंबई इलाख्यात मोडत असे. डिसेंबर १९२८ पासून सर फ्रेडरिक साइक्स हे इलाख्याचे गव्हर्नर होते. पेशाने ते लष्करी गृहस्थ. १९१८ मध्ये ब्रिटिश विमानदलाचे प्रमुख झालेले. त्यांची नेमणूक लंडनहून झालेली. कारभार पसंत नाही म्हणून त्यांना दूर करण्याचा कोणताही मार्ग येथील रयतेजवळ नव्हता.

५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाली आणि आपले गिरणगाव पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली. त्या दंगलीत पोलीसही प्राणास मुकले. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजी अंमल नावालाही उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत चालला. राष्ट्रध्वज हाती धरणे हादेखील गुन्हा ठरला.

पोलिसांच्या हत्येबद्दल चौघांवर खटला भरण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही त्यांची नावे. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ हे पत्र चालवीत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले.

एवढ्याने लोकांचा क्षोभ शमला नाही. १९३१ मध्ये साइक्स रजेवर गेले आणि सर अर्नेस्ट हॉटसन हंगामी गव्हर्नर झाले. २२ जुलै रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव गोगटे या विद्यार्थ्याने सोलापूरच्या अत्याचारांचा राग मनात धरून त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले, गोगट्यांना तुरुंगवास झाला. गांधीजींनी या कृत्याचा निषेध केला. तो योग्यच होता. परंतु एक कॉलेजकुमार पिस्तुलापर्यंत का पोहोचला, याचाही विचार करावयास हवा. जेथे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नसते, तेथे राग आडवाटेने बाहेर पडतो.

विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्रात ‘जबाबदार राज्यपद्धती’ हे शब्द तुम्ही पाठ करता. त्यांचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर एकदा चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभे राहा. गव्हर्नर साहेबांचे उत्तरदायित्व लंडनला होते, सोलापूरला नव्हते. आज सत्ता चालविणारे आपल्या मताने निवडून येतात आणि आपल्या मताने पायउतारही होतात. हा हक्क आपल्या पदरात फुकट पडलेला नाही.

पालकहो, मुलांना ही चारही नावे एका दमात म्हणावयास शिकवा. त्यांतले एकही नाव गाळू नका. फाशीच्या तख्ताकडे जाताना ते चौघे एकत्रच होते.