ब्रह्मपुरीची पांढर आणि हाडांवरचे घाव

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. या स्थळाची कीर्ती मुख्यतः तेथील कांस्य वस्तूंवर, विशेषतः टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात असलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेच्या मूर्तीवर उभी आहे. ही मूर्ती दूरदेशीच्या व्यापाराची साक्ष देते. परंतु नगरातील खाटीक, कातडे कमावणारे आणि हाडांच्या वस्तू घडवणारे कारागीर यांच्या कामाचा माग काढायचा असेल, तर पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीत, सापडणाऱ्या हाडांकडेच वळावे लागते.

अशा हाडावर चमत्कारिक खुणा दिसल्या, तरी प्रथम त्या खुणांचा नव्हे, तर हाडाचा निर्णय करावा लागतो: ते कोणत्या प्राण्याचे आणि शरीराच्या कोणत्या भागाचे आहे, हे ज्ञात सांगाड्यांशी ताडून ठरते, आणि शेळी व मेंढी यांची हाडे इतकी सारखी असतात की अनेकदा त्यांची नोंद एकत्रच करावी लागते. त्यानंतर माणसाचा घाव आणि इतर ओरखडे वेगळे करायचे असतात. उंदीर-घुशींच्या दातांनी जवळजवळ समांतर रुंद चरे पडतात, कुत्र्याच्या दातांनी खळगे पडतात, झाडांची मुळे वेड्यावाकड्या उथळ रेषा कोरतात, आणि उत्खनकाच्याच अवजाराचा ताजा घाव हाडाच्या जुन्या पृष्ठभागापेक्षा फिका दिसतो.

घावाची जागा त्याहून अधिक बोलकी असते. सांध्याजवळचे घाव प्राण्याचे तुकडे केल्याचे, हाडाच्या मधल्या भागावरील बारीक चिरा मांस सोडवल्याचे, तर खुरांजवळ आणि शिंगांच्या बुडाशी असलेल्या चिरा कातडे सोलल्याचे सुचवतात. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडे कमावण्याची परंपरा जपणाऱ्या आणि २०१९ मध्ये चपलेसाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापूर परिसरात या शेवटच्या खुणांना विशेष महत्त्व आहे. एखाद्या खड्ड्यात पायांची टोके आणि शिंगांचे गाभेच भरपूर आढळले आणि मांसल भागांची हाडे जवळजवळ नसली, तर तेथे चर्मोद्योग असल्याचा तर्क बळकट होतो. याउलट करवतीने सपाट कापलेले, समांतर रेषा उमटलेले टोक बहुधा कारागिराने टाकून दिलेले असते.

मात्र हा सारा युक्तिवाद थरावर अवलंबून असतो. १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील इनामगावात झालेल्या उत्खननातील हाडे थरवार अभ्यासली गेल्यामुळेच, इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात पाऊसमान घटले आणि लोक शेतीपेक्षा पशुपालन व शिकार यांवर अधिक विसंबू लागले, हा डॉ. म. के. ढवळीकर यांचा निष्कर्ष पुराव्यानिशी मांडता आला. घराचा पाया खणताना उपसून बाजूला टाकलेल्या हाडावर करवतीचा घाव ओळखता येतो, पण ती करवत सातवाहनांच्या काळातील की शिलाहारांच्या, हे केवळ त्या हाडावरून ठरवता येत नाही.