निशाणकाठीपासून दिव्यापर्यंत : त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील लक्ष्यसाधने

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा विचार करताना विल्यम लॅम्ब्टनचे सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट प्रथम डोळ्यांसमोर येते. ज्या काठीवर ते रोखले जाई, ती दूरच्या टेकडीवरील काठी मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः मोजणीचा हंगाम आणि मोजणीदारांचे आरोग्य ही दोन्ही पुष्कळ अंशी त्या काठीच्या माथ्यावरील साधनावर अवलंबून होती.

काठी जमिनीवरील खुणेच्या बरोबर वर, ओळंब्यात उभी असणे ही पहिली अट होय. ३० मैलांवर एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या, कोनात सुमारे ९ इंच सामावतात. काठीचा माथा आडव्या दिशेने तेवढा कलला, तरी कोन एका विकलेने चुकतो. बारीक काठी इतक्या अंतरावरून दिसत नाही. जाड काठीची उन्हाकडील बाजूच उजळते आणि तिचा मध्य फसवा ठरतो. निशाण बांधावे, तर ते वाऱ्याने हलते.

उन्हाळ्यातील धूळ व धुरकटपणा यांमुळे निशाण दिसेनासे होई. पावसाने हवा स्वच्छ होत असल्याने लॅम्ब्टनने पावसाळी हंगाम पसंत केला. त्याची किंमत १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीमधील अरण्यात मोजावी लागली. जॉर्ज एव्हरेस्ट व त्याची तुकडी तापाने ग्रासली गेली. प्रकृती सुधारण्यासाठी एव्हरेस्टला १८२० मध्ये केपला जावे लागले. परतल्यावर त्याने रात्रीच्या दिव्यांचा अवलंब केला. रात्रीच्या वक्रीभवनाने दूरचा दिवा क्षितिजावर उचललेला दिसतो. त्यामुळे कोरड्या हंगामातही काम शक्य झाले. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निवर्तला. पुढे १८३० मध्ये इंग्लंडहून परतताना एव्हरेस्टने परावर्तक दिवे आणि गाउसने १८२१ मध्ये शोधलेले हेलिओट्रोप आणले. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात उंची मिळविण्यासाठी बांबूचे खांब आणि सुमारे ५० फुटी मनोरे उभारावे लागले.

हेलिओट्रोपचा आरसा सूर्यासोबत सतत फिरवावा लागे, दिवा रात्रभर तेवत ठेवावा लागे. काठी एकदा रोवली की उभी राही. नव्या साधनांना मात्र दूरच्या शिखरावर जागता माणूस हवा होता. म्हणून कोनाच्या अचूकतेचे श्रेय यंत्राला व निरीक्षकाला देताना, त्या दृष्टिरेषेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या खलाशाचा वाटाही इतिहासकाराने मोजला पाहिजे.