वालावलकर रुग्णालय, डेरवण

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात, सावर्ड्याजवळचे ग्रामीण रुग्णालय. श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने १९९६ मध्ये स्थापन केले. परिसरातच शिवचरित्र शिल्पांतून उभे करणारी शिवसृष्टी आहे. कोकणातली कर्ती माणसे कामासाठी मुंबईला असतात. हे रुग्णालय होण्याआधी मोठे दुखणे आले की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनाही तिकडेच न्यावे लागे. गावाजवळ, ओळखीच्या बोलीत, घरचे माणूस उशाशी असताना उपचार मिळणे हा रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आधार आहे. यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व त्याला द्यायला हवे. २०१५ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परिसरातील किशोरवयीन मुलींचे पोषण व आरोग्य यांचा दीर्घकालीन अभ्यासही संस्था करते.