विद्वत्सभेचें दार

विद्वत्सभेंतील चर्चा सभासदांपुरतीच असावी, कीं बाहेरच्या जिज्ञासूसही तींत बोलूं द्यावें, हा वाद आपल्याकडे वरचेवर निघतो. दार उघडलें कीं पाल्हाळही आंत येतो, असें एका पक्षाचें म्हणणें आहे, आणि तें अगदींच खोटें नाहीं. प्रश्नाच्या मिषानें झालेलीं अर्ध्या अर्ध्या तासाचीं व्याख्यानें आम्हीं पुष्कळ सोसलीं आहेत. तथापि केवळ तर्कानें निकाल देण्यापूर्वीं एका जुन्या सभेचा अनुभव पाहावा, हें बरें.

लंडनची रॉयल सोसायटी १६६० सालीं स्थापन झाली. तिचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हा जन्मानें जर्मन. युरोपभरच्या विद्वानांशीं पत्रव्यवहार ठेवावा आणि त्यांतील सार सर्वांपुढें मांडावें, हा त्याचा नित्याचा उद्योग. १६६५ च्या मार्चमध्यें त्यानें स्वतःच्या खर्चानें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक काढलें. या उद्योगाची किंमतही त्यानें मोजली. १६६७ सालीं डच लोकांशीं युद्ध चालूं असतां परदेशीं पत्रें लिहितो म्हणून संशय येऊन त्यास टॉवरच्या तुरुंगांत सुमारें दोन महिने काढावे लागले. सुटून आल्यावर त्यानें पुन्हां तेंच काम हातीं घेतलें!

१६७३ सालीं डचांशीं पुन्हां युद्ध जुंपलेलें असतां डेल्फ्ट येथील द ग्राफ नांवाच्या वैद्याचें पत्र त्यास आलें. आमच्या गांवचा लेवेनहुक हा भिंगें घांसून अपूर्व सूक्ष्मदर्शकें बनवितो, अशी त्यांत शिफारस होती. हा लेवेनहुक कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें आणि लॅटिन, म्हणजे त्या काळची पंडितांची भाषा, त्यास येत नव्हती. तो बोली डचमध्यें लिही. शत्रूच्या मुलखांतील या दुकानदाराचें लिखाण ओल्डेनबर्गनें भाषांतर करवून छापलें.

१६७६ च्या ऑक्टोबरांतील पत्रांत लेवेनहुकनें कळविलें कीं, मिरीं भिजवून ठेवलेल्या पाण्यांत अगणित सूक्ष्म जीव वळवळतांना दिसतात. सोसायटीच्या सभासदांस प्रथम तें दिसेना. येथें तिचें वर्तन पाहण्यासारखें आहे. हा आपल्यांतला नव्हे म्हणून तिनें त्यास झिडकारलें नाहीं, आणि त्याच्या शब्दावर विसंबूनही ती राहिली नाहीं. लेवेनहुकनें आठ प्रतिष्ठित साक्षीदारांचे दाखले पाठविले. १६७७ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट हूकनें ते जीव भर बैठकींत सभासदांस दाखविले. तेव्हां कोठें शंका फिटली. लेवेनहुक सभासद झाला तो १६८० सालीं. ज्या शोधांनीं त्याचें नांव अजरामर झालें त्यांतील बहुतेक त्यापूर्वींचे, म्हणजे तो परका असतांनाचे आहेत. दार सभासदांपुरतेंच असतें तर ते शोध सोसायटीपुढें कशानें येते? (आपली उत्तमांतील उत्तम पाहण्याची युक्ति मात्र या गृहस्थानें कोणासच सांगितली नाहीं, पंडितांहून तोच अधिक कृपण निघाला.)

याच सोसायटीनें १८४१ सालीं मुंबईच्या गोदींतील अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांस सभासद करून घेतलें. परंतु १९०२ सालीं हर्था एअर्टन या विदुषीचें नांव सुचविलें गेलें, तेव्हां विवाहित स्त्रीस सभासद होतां येत नाहीं असा कायद्याचा सल्ला आडवा आला. तिनें १९०४ सालीं आपला निबंध सोसायटीपुढें स्वतः वाचला, १९०६ सालीं सोसायटीनेंच तिला ह्यूज पदक दिलें; सभासदत्व मात्र नाहींच. १९४५ सालीं स्त्रियांस प्रवेश मिळाला, तेव्हां तिला जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं.

मत देणें, हिशेब ठेवणें, पदाधिकारी निवडणें हीं कामें सभासदांचीं खरींच, त्यांत परक्यानें हात घालूं नये. परंतु पुराव्यानिशीं बोलूं इच्छिणारास वर्गणीची पावती विचारणें आम्हांस पटत नाहीं. पाल्हाळिकास आवरण्यास अध्यक्ष असतोच. आणि पावती खिशांत असलेले पाल्हाळिक काय थोडे आहेत?

लेवेनहुक सोसायटीच्या एकाही बैठकीस गेला नाहीं. पन्नास वर्षें तो डेल्फ्टहून पत्रें मात्र पाठवीत राहिला. १७२३ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या इच्छेप्रमाणें रुप्याचीं २६ सूक्ष्मदर्शकें एका पेटींतून लंडनला रवाना झालीं. सोसायटीच्या संग्रहांतून तीं एकोणिसाव्या शतकांत गहाळ झालीं.